चौकच्या खाऱ्या वाऱ्यातली मोटर

सावकाश बसा. पाठ टेकली तरी चालेल. मनाने भाईंदर पश्चिमेच्या रस्त्याला लागा. राई, मोर्वा, डोंगरी मागे टाकत चौकला पोचा. हे कोळ्यांचं गाव. समोर वसईची खाडी, तिच्या पल्याड वसईचा किल्ला आणि अलीकडच्या टेकाडावर धारावी किल्ल्याचे अवशेष. 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने हे दोन्ही किल्ले घेतले. गड राखणाऱ्यांच्या अंगावरून जो वारा गेला, तोच आजही वाहतो. एक लांब श्वास घ्या. त्यात मीठ आहे.

समजा, इथल्या एखाद्या बंगल्याच्या आवारात पोहण्याचा तलाव आहे. निळ्या पाण्याशी थांबू नका. मागच्या लहानशा पंपखोलीत या, जिथे सहसा कुणी येत नाही. तलावाचं पाणी स्वच्छ दिसतं ते इथल्या कामामुळे.

आधी ऐका. मोटर दोन पोलांची, वीज 50 हर्ट्झची, म्हणून मिनिटाला साधारण 2,850 फेरे. धडधाकट असताना ती एका सुरात घोंगावते. आज त्यात कर्कश किरकिर मिसळली आहे. मोटर नुसती गुणगुणत असती, फिरत नसती, तर आधी कपॅसिटर पाहिला असता. तेवढा बदलून काम भागतं. पण हा आवाज बेअरिंगचा आहे. ऐकत राहा. लगेच काही करायचं नाही.

आता पंप आणि मोटर जिथे जुळतात, तिथे खाली वाका. एक थेंब लोंबतो आहे. तो पडेपर्यंत पाहा. मग दुसरा.

आत एक सील असतं. कार्बनची आणि सिरॅमिकची अशा दोन गुळगुळीत चकत्या, स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या. एक फिरते, दुसरी स्थिर. मधे पाण्याचा अगदी पातळ थर, आणि तोच त्यांना घासण्यापासून वाचवतो. पंप कोरडा चालला की चकत्या तापतात, त्यांचे चेहरे बिघडतात. मग थेंब शाफ्टवरून मागे सरकतो. बेअरिंगचं ग्रीस धुऊन जातं, गंज धरतो, शाफ्ट डगमगू लागतो, ओल तांब्याच्या वाइंडिंगपर्यंत पोचते. त्यात मागचा पंखा खारा वारा ओढून मोटरच्या अंगावर घालत असतोच. राबून राबून मोटर गेली, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. थेंबाकडे कुणी वाकून पाहिलं नाही, म्हणून ती गेली.

इथे थोडं थांबा. आपल्या घरात, आपल्या माणसांत असा थेंब कुठे पडतो आहे का, हे मनाला विचारा. उत्तर नाही आलं तरी चालेल.

चौकच्या बंदरावर हे वेळीच वाकून पाहणं शिकवावं लागत नाही. पावसाळी मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि चालू इंजिनाचंही काम काढलं जातं. ते भर समुद्रात बंद पडलं तर काय होतं, हे घराघरांत ठाऊक आहे.

आता मोटर बदलायला हात लावा. आधी एमसीबी खाली, मग टेस्टरने खात्री. दोन्ही व्हॉल्व्ह बंद. गंजलेले बोल्ट जबरदस्ती न करता सोडवा. जुनी मोटर दोन्ही हातांत घ्या, तिचं वजन जाणवू द्या. अंग शाबूत असतं तर रिवाइंडिंग करून घेणं मी आधी सुचवलं असतं. पण मिठाने कवच खाल्लं आहे. भंगारात तिचं तांबं वेगळं निघेल, पुन्हा वितळेल.

नवी मोटर जुन्याच अश्वशक्तीची आणा. जास्त ताकदीचा मोह होतो, पण पाइप आणि वाळूचा फिल्टर तेवढेच राहतात. पाणी फार वेगाने गेलं तर वाळूत मळ नीट अडत नाही. आणि सील नवंच घाला. जुनं सील नव्या मोटरला लावणं म्हणजे तोच थेंब पुन्हा बोलावणं. चकत्यांच्या चेहऱ्याला बोट लावू नका. बोटाचं तेल, धुळीचा कण, दोन्ही नकोत. स्वच्छ पाण्याचा ओलावा पुरे.

घाई आता जास्त होईल. सावकाशच. गाळणीचं भांडं पाण्याने काठोकाठ भरा, झाकणाची रबरी रिंग नीट बसवा, व्हॉल्व्ह उघडा, मगच बटण दाबा. फिल्टरच्या माथ्यावरच्या उघड्या तोटीतून आधी हवा फुसफुसेल, मग पाणी येईल. ती तोटी बंद करा. जोडावर खाली वाकून पाहा, कोरडं आहे का. प्रेशर गेजवरचा आकडा आणि आजची तारीख खडूने पंपखोलीच्या भिंतीवर लिहा. पुढच्या महिन्यात आकडा चढलेला दिसला तर फिल्टर उलटा धुवायचा.