चौकटीबाहेर राहिलेला हात

दुसऱ्याच्या दुःखाचे चित्र दाखवून त्याच्याचसाठी मदत मागावी काय, आणि मागितली तर ते दुःख किती दाखवावे? उपाशी मुलाच्या मुखात घास पडला म्हणजे झाले. तो कोणत्या चित्राने मिळवून दिला याची चिकित्सा पोट भरलेल्यांनी करीत बसावे, असे कोणी म्हणेल. मीही अनेक वर्षे असेच मानीत होतो.

माझा व्यवसाय स्वतंत्र ग्राफिक डिझायनरचा. कोणाच्या पदरी नोकरी नाही. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, संस्थांचे वार्षिक अहवाल, जे काम येईल त्याची मांडणी करून छापखान्याकडे धाडायची, हा माझा चरितार्थ. काही वर्षांपूर्वी वीटभट्टीवरील मजुरांच्या मुलांसाठी वर्ग चालवणाऱ्या एका संस्थेने मदतीच्या आवाहनपत्रकाचे काम माझ्याकडे दिले. ही कुटुंबे ठेकेदाराकडून उचल घेऊन दिवाळीनंतर भट्टीवर येतात आणि पावसाळा तोंडावर आला की गावी परततात. मधल्या सहासात महिन्यांत मुलांची गावची शाळा सुटते ती सुटतेच. त्यांचे अक्षर मोडू नये म्हणून भट्टीच्या कडेला हे वर्ग. काम चांगले होते. मी मोबदला घेणार नाही असे सांगितले आणि तसे सांगताना मला मनातून बरेही वाटले.

छायाचित्र संस्थेनेच दिले होते. वर्गाच्या दाराशी सातआठ वर्षांची एक मुलगी बसलेली, मांडीवर पाटी. मागे तिची आई उभी आणि आईचा मातीने माखलेला हात मुलीच्या खांद्यावर. मुलीच्या ओठांवर हसू नव्हते, परंतु येऊ घातले होते. पहिली मांडणी पाहून संस्थेचे कार्यकर्ते म्हणाले, “चांगली आहे, पण देणगीदाराचे मन हलले पाहिजे. थोडी करुणा हवी.”

करुणा कशी आणतात हे माझ्या धंद्यात सर्वांना ठाऊक असते. मी चौकट आवळली. आई गेली, पाटी गेली, दार गेले. उरला फक्त चेहरा. रंग उतरवले, डोळ्यांखालची सावली किंचित गडद केली. पाच मिनिटांचे काम. जिला आई होती, अक्षरे येत होती आणि जी आता हसणार होती, ती मुलगी अनाथ, अडाणी आणि हताश दिसू लागली. त्या चित्रात मी खोटे असे काहीही घातले नव्हते. खरे होते तेवढे काढून टाकले होते.

पत्रक यशस्वी झाले. आदल्या वर्षापेक्षा देणग्या अधिक आल्या. हंगाम संपताना वर्गाचा निरोप समारंभ होता, त्याला मलाही बोलावणे आले. तेथे ती आई भेटली. तिच्या हातात घडी घातलेले ते पत्रक होते. तिने ते उलगडले, मुलीच्या खांद्यापाशी, जेथे कागद संपत होता तेथे, बोट ठेवले आणि विचारले, “इथं माझा हात होता ना?” स्वरात राग नव्हता. माझी पंचाईत झालेली पाहून तिनेच उत्तर सुचवले, “छापताना राहिला असेल.”

मी “हो” म्हणालो.

त्या एका शब्दाने मला या प्रश्नाकडे आणून सोडले. कृत्य योग्य असते, तर ते तिला सांगताना माझी जीभ का अडखळली असती? देणगीदाराला जे अभिमानाने दाखवले, ते त्या मुलीच्या आईपासून का लपवावेसे वाटले?

या वाटेने पुष्कळ जण आधी जाऊन गेले आहेत. 1919 साली लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात एग्लंटाइन जेब या बाईंना अटक झाली. अपराध काय, तर उपासमारीने खंगलेल्या एका ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र छापलेली पत्रके त्या वाटीत होत्या. न्यायालयाने पाच पौंड दंड ठोठावला, आणि तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या सरकारी वकिलांनीच, सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी, ती रक्कम स्वतःच्या खिशातून पुढे केली. जेबबाईंनी ती मुलांच्या निधीत घातली. त्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या भगिनी डोरोथी बक्स्टन यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ निधी स्थापन केला.

हे वाचून प्रथम मला दिलासा वाटला. बालकांसाठीच्या एवढ्या मोठ्या कार्याच्या प्रारंभीच असे चित्र असेल, तर माझे काय चुकले? परंतु त्या पत्रकाचा मजकूर पाहिला आणि दिलासा ओसरला. आपल्या नाकेबंदीमुळे हे घडले आहे, असे त्यात ब्रिटिश वाचकाला स्पष्ट बजावले होते. युद्धविराम झाल्यावरही दोस्त राष्ट्रांनी नाकेबंदी उठवली नव्हती. ते चित्र बालकाकडे बोट दाखवीत नव्हते, पाहणाऱ्याकडे दाखवीत होते. म्हणूनच तर अटक झाली. माझ्या पत्रकाबद्दल कोणाला राग येण्यासारखे काहीच नव्हते. उचल देऊन कुटुंबेच्या कुटुंबे बांधून घेणारा व्यवहार त्यात नव्हता, आपल्या घरांच्या भिंती ज्या विटांच्या आहेत त्या विटाही नव्हत्या. होता एक दीनवाणा चेहरा आणि बँकेचा खातेक्रमांक.

जेबबाई तेथेच थांबल्या नाहीत. त्यांनी बालकांच्या हक्कांचा मसुदा तयार केला आणि 1924 साली राष्ट्रसंघाने तो जिनिव्हा जाहीरनामा म्हणून स्वीकारला. दयेपासून हक्कापर्यंतचे हे अंतर त्यांनी पाच वर्षांत कापले. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 साली झाला, भारताने तो 1992 साली मान्य केला, आणि त्यात बालकाच्या खासगीपणाचाही हक्क आहे. इथिओपियाच्या 1984 च्या दुष्काळात जगभर फिरलेल्या चित्रांनंतर युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी 1989 साली अशा चित्रांविषयी स्वतःसाठी आचारसंहिता केली. आपल्याकडे 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 74 नुसार, संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख माध्यमांतून उघड करणे हा दंडनीय अपराध आहे. पण कायदा सांगतो तो कोणाचा चेहरा छापू नये हे. छापलेल्या चेहऱ्याशी प्रामाणिक कसे राहावे हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

या सगळ्यात मला धीर देऊन गेले ते एक साधे चित्र. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील एका खेड्याला युनिसेफची मदत पोहोचली. तेथील सात वर्षांच्या यित्का साम्कोवा या मुलीने कृतज्ञतेने एक चित्र काढले; कागद मिळेना म्हणून काचेवर काढले. खांबाभोवती फेर धरून नाचणाऱ्या मुली. 1949 साली युनिसेफने तेच आपले पहिले शुभेच्छापत्र म्हणून छापले. त्या मुलीने भूक पाहिली नव्हती असे नाही. परंतु स्वतःविषयी काय सांगायचे हे तिचे तिने ठरवले होते.

पुढच्या वर्षी मी त्या संस्थेचे पत्रक नव्याने केले. मूळ छायाचित्र अखंड ठेवले. हात, पाटी, दार, सर्व. भट्टीवरचे काम कसे चालते, उचल म्हणजे काय, एका मुलाच्या वर्षाला किती खर्च येतो, हे लिहिले. छापण्यापूर्वी ते मायलेकींना दाखवले आणि “छापताना राहिला” हे खरे नव्हते, मीच कापला होता, हेही आईला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “या वेळी ठेवलाय ना?”

त्या वर्षी देणग्या कमी आल्या. हे लपवून मी निबंध गोड करणार नाही. एका शिक्षिकेचे मानधन तीन महिने थकले. मग माझी सचोटी कोणाच्या खर्चाने? हा प्रश्न मला आजही टोचतो. विनामूल्य काम केले म्हणजे नैतिक हिशेब चुकता होतो, या समजुतीतून मात्र मी बाहेर आलो आहे. फुकट दिलेल्या सेवेनेही कोणाचा अपमान होऊ शकतो.

तरीही आधीच्या पत्रकाकडे परत जावे असे मला वाटत नाही. दुःखाच्या दर्शनावर मिळणारी मदत दर वर्षी अधिक दुःखी चेहरा मागते. मुलीला शिकवायचे ते तिने ताठ मानेने उभे राहावे म्हणून; त्यासाठी तिचीच मान कागदावर वाकवली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते.

आणि वाचकहो, हा प्रश्न केवळ आम्हा मांडणी करणाऱ्यांचा नाही. उपवासकाळात आणि नाताळच्या सुमारास आपल्या प्रत्येकाच्या घरी अशी पत्रके येतात. आम्ही चौकट आवळतो ती आपले मन कशाने हलते हे पाहून. हसू येऊ घातलेल्या, आईचा हात खांद्यावर असलेल्या मुलीसाठीही आपला हात खिशाकडे गेला असता, तर त्या शिक्षिकेचे मानधन थकले नसते.