तोंडाला रंग लावणाऱ्या भाच्यास

चि. अनिकेत यास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. चुलतभावाच्या लग्नात काजळ-फाउंडेशन लावून येणार म्हणालास म्हणून दाजी भडकले, आणि तू त्यांच्यापुढे बालगंधर्वांचं नाव टाकलंस. मामा जन्मभर नटांचे चेहरे रंगवत आलाय, तेव्हा तो आपलीच बाजू घेणार, असं तू धरून चालला आहेस. घेतोच. पण तुझा दाखला अर्धा आहे. तो पुरा ऐक.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून पुढे कितीतरी दशकं आपल्या रंगभूमीवरच्या बहुतेक नायिका पुरुषच होते. घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल टाकायचं नाही, एवढंच त्याचं कारण. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा गाजली. मग १९११ मध्ये ‘मानापमान’ आलं आणि बालगंधर्वांच्या भामिनीने लोकांना वेड लावलं. त्यांचं नऊवारी नेसणं, त्यांची केशरचना, दागिने पाहून चांगल्या घरच्या बायका तशा नटू लागल्या. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. इथपर्यंत तुझं बरोबर.

आता उरलेलं अर्धं. तमाशातला नाच्याही तोंडाला रंग आणि डोळ्यांत काजळच लावायचा. त्याला शिट्ट्या मिळाल्या, मान मिळाला नाही. तमाशापटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील चांगले संसारी गृहस्थ. पण पडद्यावरची ती ओळख त्यांना बाहेरही चिकटली, आणि तिच्यावरून होणाऱ्या चेष्टेची झळ घरच्यांनाही लागली. बालगंधर्वांच्या मागे अभिजात गाणं होतं, संस्थानिकांचा लोभ होता, पुढच्या खुर्च्यांवर पांढरपेशी मंडळी होती. नाच्याच्या मागे जत्रेतली कनात होती आणि समाजाने आधीच पायरीखाली बसवलेल्या जाती होत्या. तेव्हा लोक रंगाला मान देत नाहीत आणि रंगाला हसतही नाहीत. तो कोणाच्या तोंडावर आहे, हे पाहून ते ठरवतात. म्हणून बालगंधर्वांच्या शालूआड लपू नकोस. तुला काजळ आवडतं, एवढं कारण तुझ्यापुरतं पुरेसं आहे.

दाजींवर मात्र डाफरू नकोस. असाच एक नियम त्यांच्याही हातून मोडलाय, तो कसा ते ऐक. फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटासाठी तारामती मिळेना, तेव्हा त्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना उभं केलं. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच झाले. त्या काळी बाईच्या कामासाठी मिशी काढायची म्हटली की नट अडून बसत, असं सांगतात. वडील हयात असताना मिशी उतरवणं अशुभ! दाजी रोज सकाळी दाढी-मिशी गुळगुळीत काढून ऑफिसला जायचे, ते दिवस आठवून बघ. त्यांचे वडील, तुझे आजोबा, तेव्हा ठणठणीत होते की नाही? हे दाजींना जरूर सांग, पण हसत सांग. त्यांच्या तरुणपणीच एक नियम मोडीत निघाला होता आणि त्यांना तो मोडल्याचं कळलंही नव्हतं. तुझ्या काजळाचंही हळूहळू तसंच होईल.

आणि एक, हे कळकळीने सांगतो. पुरुषांसाठी गोरं करणारी क्रीम २००५ साली आपल्या बाजारात आली. भलेभले पुरुष ती गुपचूप चोळत आले आणि त्यांना कोणी बायकी म्हटलं नाही. मला तुझ्या काजळापेक्षा त्या क्रीमची जास्त काळजी वाटते. नटायला माझी ना नाही, पण स्वतःच्या कातडीची लाज वाटून नटू नकोस. तू पाठवलेल्या फोटोत तुझा चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची दिसतेय. दुकानदाराने दोन छटा उजळ माल गळ्यात मारलाय, तो परत कर.

आता रंग लावायचा कसा, ते सांगतो. दाढी कितीही घोटून केली तरी हनुवटीवर निळसर झाक उरते. तिच्यावर थेट फाउंडेशन थापलं की तोंड राखाडी दिसतं. आधी नारिंगी करेक्टर बोटाच्या टोकाने थोपटून लाव, चोळू नकोस. मग तुझ्याच वर्णाचा पातळ थर ओल्या स्पंजाने जबड्यावरून मानेत उतरव. दाढी केल्या केल्या लगेच काही लावू नकोस, आग होते. काजळ दुसऱ्या कोणाचं वापरायचं नाही. रात्री कितीही दमलास तरी खोबरेल तेलाने सगळं पुसून, तोंड धुऊनच झोपायचं. जुने नट पहाटे तीनला नाटक सुटल्यावरही हे चुकवत नसत.

लग्नाला जाशील तेव्हा थोडकंच लाव. दाजींना भिऊन नव्हे, तर त्या दिवशी लोकांनी नवरा-नवरीकडे बघायचं असतं म्हणून. जाण्याआधी ताईशी बोलून घे. दाजींच्या रागापेक्षा तिच्या गप्प बसण्याचा तुला जास्त त्रास होतो, हे मला ठाऊक आहे. मांडवात एखादी मावशी खोचकपणे विचारेलच, ‘काय रे, तोंडाला काही लावलंयस का?’ तेव्हा ‘छे छे’ म्हणायचं नाही आणि भाषणही ठोकायचं नाही. ‘हो, लावलंय’ म्हणायचं आणि तिला जेवायला बसवायचं.

तुझा,
मामा