नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



बाप्तिस्म्याच्या विधीत आम्ही आईवडिलांना सर्वांत आधी बाळाचे नाव विचारतो. ज्यांचे बाळावर प्रेम असते, तेच त्याचे नाव ठेवतात. पण मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचेच अंतर आहे. जगातील काही समाजांचे नाव ठेवताना लोकांनी त्यांना नावेच ठेवली.

युरोपातील रोमा लोकांचे पाहा. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे गेले. आजही ते पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कन' म्हणतात. पण ते इजिप्तहून आले असा इंग्रजांचा समज झाला आणि 'इजिप्शियन'वरून 'जिप्सी' हे नाव पडले. जर्मन त्यांना 'त्सिगॉयनर' म्हणत. आउश्विट्झच्या छावणीत नाझींनी त्या शब्दाचे पहिले अक्षर, 'झेड', त्यांच्या हातावर गोंदले. १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या परिषदेत त्यांनी ही परकी नावे नाकारून आपला शब्द घेतला. त्यांच्या भाषेत 'रोम' म्हणजे आपल्या समाजाचा माणूस.

हे फार दूरचे वाटते का? आपल्याकडे 'पारधी' हे नाव पारधीवरून आले. फासे लावून शिकार करणारे ते फासेपारधी. हे कसबाचे नाव होते. पण १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर लागू झाला. पारध्यांसारख्या जमाती यादीत गेल्या. मूल जन्मताच संशयित ठरले, मोठ्यांना पोलिसांकडे हजेरी लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि 'विमुक्त' हे नवे नाव मिळाले. समाजाने मारलेला 'उचल्या' हा शिक्काच लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाचे नाव केले. त्या पुस्तकाला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मग दुसऱ्यांनी दिलेले प्रत्येक नाव वाईट का? तसे म्हणता येत नाही. 'ख्रिस्ती' हे आपले नावही बहुधा परक्यांनीच अंत्युखियातील शिष्यांना दिले. 'किरिस्ताव' म्हणून आपल्या वाडवडिलांना हिणवलेही गेले. फरक इतकाच की नावाने माणसाला हाक मारता येते आणि तो ओ देऊ शकतो. शिक्का त्याला हाक मारत नाही. तो त्याच्याविषयी इतरांच्या कानात कुजबुजतो आणि उत्तरासाठी थांबत नाही. अंत्युखियातील शिष्यांनी आपल्या जगण्याने त्या नावाला अर्थ दिला. यादीत घातलेल्या बाळाला ती संधीच नव्हती.

म्हणूनच नुसते नाव बदलून भागत नाही. 'विमुक्त' म्हटले, तरी सोसायटीत चोरी झाली की आपली पहिली नजर जवळच्या पालावर जात असेल, तर जुना कायदा आपल्या मनात अजून लागूच आहे.

स्पेनमधील सेफेरिनो हिमेनेस माया हे रोमा समाजातील जनावरांचे व्यापारी. त्यांच्यावर चोरीच्या जनावरांचा आळ आला, पण ते निर्दोष सुटले. १९३६ साली एका धर्मगुरूंची बाजू घेतल्यामुळे त्यांना अटक झाली. जपमाळ सोडायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ४ मे १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. लोक ज्यांना चोर समजत, ते आज वेदीवर आहेत. आणि २ जून २०१९ रोजी रुमानियात पोप फ्रान्सिस यांनी रोमा लोकांची ख्रिस्तसभेच्या वतीने क्षमा मागितली.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो. आपल्या पुण्यात सिग्नलवर फुगे विकणारी मुलगी, भंगार गोळा करणारी मावशी यांना आपण रोज पाहतो. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाला तरी नाव विचारूया आणि उत्तर मिळेपर्यंत थांबूया.