'माझ्या हातून घडले' की 'मी केले'?

आर. स्कॉट बॅकर या कॅनडातील लेखकाची 'न्यूरोपाथ' ही इंग्रजी कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. ती रहस्यकथा आहे. पण वाचून मिटल्यावरही मनाला स्वस्थता लाभत नाही. तिचा नायक थॉमस हा मानसशास्त्राचा प्राध्यापक असून त्याचे आडनाव 'बायबल' असे आहे. नील हा त्याचा जुना मित्र मेंदूचा तज्ज्ञ आहे. हा नील माणसांना पळवून नेतो, त्यांच्या मेंदूत फेरफार करतो आणि माणसाचे सुख, वेदना, इच्छा ही सारी बाहेरून कशी फिरवता येतात ते दाखवितो. त्याला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे : 'मी ठरवितो' हा माणसाचा निव्वळ भ्रम होय.

त्या पुस्तकातील क्रौर्य पाहता ते वाचा असा आग्रह मी कोणासही करणार नाही. परंतु त्यातील प्रश्न आपणां ख्रिस्ती लोकांना टाळता येणार नाही. माणूस ठरवीतच नसेल, तर पाप कोणाचे? पश्चात्ताप कोणी करावयाचा? आणि क्षमा तरी कोणाला करावयाची?

नीलचा दावा कादंबरीतला असला, तरी त्यामागील शंका प्रयोगशाळेतील आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि ते हलविण्याची इच्छा नेमकी कधी झाली ते सांगा, असे त्यांनी काही जणांना सांगितले. इच्छेची जाणीव हालचालीपूर्वी सुमारे ०.२ सेकंद होत असे. मेंदूतील विद्युत् हालचाल मात्र सुमारे ०.५५ सेकंद आधीच सुरू झालेली असे. म्हणजे आपण ठरविण्याआधीच मेंदूने ठरविलेले असते, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. स्वतः लिबेट यांनी मात्र तो काढला नाही. उरलेल्या क्षणात 'नको' म्हणण्याची मुभा माणसाला असते, असे त्यांचे मत होते. पुढे २०१२ साली आरोन शुर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ती आधीची हालचाल म्हणजे निर्णयच असला पाहिजे असे नाही. मेंदूत सतत चाललेल्या चढउतारांतूनही ती दिसू शकते. शिवाय मनगट हलविणे वेगळे, आणि भावाशी वर्षानुवर्षे धरलेला अबोला सोडणे वेगळे.

तरीही मेंदूची सत्ता नाकारण्यात अर्थ नाही. माझे वडील मृदुभाषी होते. पक्षाघातानंतर त्यांच्या तोंडून आईविषयी असे शब्द येऊ लागले की आम्ही मुले खाली मान घालीत असू. आई म्हणे, "हे ते बोलत नाहीत रे, आजार बोलतो आहे." त्या एका वाक्यावर आमचे घर तगले. पण एका संध्याकाळी वडिलांनी तिचा हात धरला आणि अडखळत म्हटले, "मी तुला फार लागेल असे बोललो." आई म्हणाली, "अहो, तुम्ही कुठे? आजारच तो." त्यांनी मान हलविली. "नाही. मीच." मग आई काही बोलली नाही. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "केली क्षमा."

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने आईचे म्हणणे बरोबर होते. पण तिच्या उत्तरात वडिलांना जागाच नव्हती. होता तो केवळ आजार. 'मीच' या एका शब्दाने ते पुन्हा घराचे झाले.

भाषांतराचे काम करताना हा शब्द मला वारंवार अडवितो. आपल्या मराठीत 'मला राग आला' असे आपण म्हणतो. तेथे कर्ता राग आहे, मी नव्हे. आणि हे खरेही आहे, कारण राग आपल्याला विचारून येत नाही. पण 'माझ्या हातून पाप घडले' असे म्हणताना आपण तीच सवलत कृतीलाही देऊन टाकतो. एदेनात आदामाने स्त्रीकडे बोट दाखविले आणि स्त्रीने सर्पाकडे. आज ते बोट मेंदूकडे वळले आहे, इतकेच. नाथान संदेष्ट्यासमोर दाविदाने दिलेली कबुली मात्र मूळ इब्रीत अवघी दोन शब्दांची आहे, आणि तिचे क्रियापद प्रथमपुरुषी आहे. तिचे भाषांतर 'माझ्या हातून' असे करता येत नाही.

शास्त्र हा प्रश्न सोपा करून सांगत नाही. निर्गमाच्या पुस्तकात फारो आपले मन कठीण करतो (८:१५), त्याचे मन कठीण होते (९:७) आणि परमेश्वर ते कठीण करतो (९:१२). ही तिन्ही विधाने शेजारी शेजारी उभी आहेत. त्यांतील दोन पुसून एक ठेवण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही, तसा तो शास्त्रज्ञालाही नसावा.

म्हणून शेजाऱ्याचा न्याय करताना आपण माझ्या आईसारखे बोलावे : कोण जाणे, त्याच्या डोक्यावर कोणते ओझे आहे! त्याच्या स्वातंत्र्याचे माप देवाजवळ आहे. पण स्वतःविषयी बोलताना माझ्या वडिलांचा शब्द घ्यावा. नीलच्या सुरीला मेंदूत 'मी' सापडला नाही, यात नवल नाही. तो शोधून सापडत नाही. 'मी केले' असे म्हणून तो पुढे येतो, आणि क्षमा त्यालाच मिळते.