न हलण्याची ताकद

मल्लखांबावरचा मुलगा अढी घालून उलटा लटकतो आणि दोन्ही हात सोडतो, तेव्हा सगळे त्याच्या मोकळ्या हातांकडे बघत असतात. खरं काम चाललेलं असतं फासळ्यांपासून जांघेपर्यंतच्या भागात. एरंडेल चोळलेल्या खांबावर मांड्यांची पकड कितीही घट्ट असली, तरी धड सैल पडलं की ती निसटते. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी नव्याने उभी केलेली ही विद्या कुस्तीगिरांना पूरक ठरली, ती याचमुळे. समोरचा मल्ल ढकलतो, ओढतो, पिळतो. अशा वेळी कंबर ढळू न देणं ही अर्धी कुस्ती असते.

ज्याला हल्ली ‘कोअर’ म्हणतात, ते हेच. जिममध्ये मात्र त्याचा अर्थ सिक्स पॅकपुरता उरला आहे, आणि त्यात आपलं मोठं नुकसान होतं असं मला वाटतं. आरशात दिसतो तो पोटाचा वरचा स्नायू. त्याच्या आत कमरेभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला आडवा स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ आणि मागे मणक्यांना बिलगलेले लहान स्नायू असतात. ही मंडळी कुणाच्या नजरेस पडत नाहीत, म्हणून त्यांची आठवण येते ती पाठ धरल्यावरच.

पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवली. निरोगी माणूस हात उचलतो, त्याच्या निमिषभर आधीच पोटाचा तो आडवा स्नायू आवळलेला असतो. कंबरदुखी असलेल्यांत त्याला उशीर होतो. पुढे त्या एकाच स्नायूला वेगळं काढून व्यायाम देण्याचं खूळ निघालं. सर्वसाधारण व्यायामापेक्षा ते फारसं सरस ठरलं नाही. तरीही मूळ निरीक्षणाने मला कायमचं विचारात पाडलं आहे. आपण ज्याला हालचाल म्हणतो, तिच्याआधी शरीर स्वतःला सावरून घेतं. ही तयारी कच्ची असेल, तर दंड कितीही पीळदार असोत, भरलेली बादली एका हाताने उचलताना धड एका बाजूला कलणारच.

ही तयारी पक्की करायला वजनं लागत नाहीत. हात आणि गुडघे टेकून घोडा करा. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर न्या. पाठीवर पाण्याची वाटी ठेवली आहे असं समजा. पाय उचलताक्षणी कंबर एका अंगाला झुकू पाहते, बेंबीजवळचा भाग खाली लोंबतो आणि श्वास अडतो. हे तिन्ही होऊ न देणं, एवढाच हा व्यायाम. कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यात दहा सेकंदांचे छोटे टप्पे सुचवतात. थकून आकार बिघडण्याआधी थांबायचं, क्षणभर विसावायचं, पुन्हा धरायचं.

इथे आपल्या सवयी आड येतात. व्यायाम म्हटला की आपण आकडा विचारतो: जोर किती, बैठका किती, नमस्कार किती? औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत पोचवले, हे त्यांचे उपकारच. पण तळवे आणि चवडे टेकून अंग सरळ ताणण्याची त्यातली अवस्था आपण घाईने उरकतो. तिथेच दोन श्वास थांबलं, तर हल्ली ज्याला प्लँक म्हणतात तोच व्यायाम घडतो. स्थैर्याचा आकडा सांगता येत नाही, म्हणून ते कमी प्रतीचं ठरावं हे मला मान्य नाही. अमेरिकेच्या लष्करात सैनिकांना वर्षानुवर्षं दोन मिनिटांत किती सिट-अप्स होतात यावर जोखलं जाई. आता त्यांच्या चाचणीत प्लँक आहे.

पाठीतून पायात कळ जात असेल, हर्निया असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी सुरुवात करायला हरकत नाही. शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मैदानावर फेऱ्या मारायला लावण्याआधी मुलांना घोडा करून अंग स्थिर धरायला शिकवा. त्यासाठी एका सतरंजीपेक्षा जास्त काही लागत नाही.