बागेंतील साप आणि दयेचें मोल

पावसाळा सुरू झाला म्हणजे ज्या घरांना थोडेंबहुत आवार आहे त्या घरांत एक प्रश्न दरवर्षीं न चुकतां उभा राहतो. पहिल्या दोन-चार सरींनीं बिळें भरतात, बेडूक ओरडूं लागतात, आणि एखाद्या सायंकाळीं पायरीपाशीं, मोरीच्या तोंडाशीं किंवा कुंड्यांच्या आडोशास साप दिसतो. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "मारा", दुसरा म्हणतो, "जाऊं द्या, त्यानें आपलें काय केलें आहे?" काठी सांपडेपर्यंत किंवा साप दिसेनासा होईपर्यंत हा वाद चालतो, आणि पुढच्या सापापर्यंत तो विसरला जातो. आम्ही स्वतः या दोन्ही पक्षांत नांदून आलों आहों, आणि दोन्ही ठिकाणीं आमच्या हातून चूक झाली आहे. म्हणूनच हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहों.

पहिली चूक क्रौर्याची. कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांतील एका रात्रीं आमच्या न्हाणीघराच्या उंबऱ्यावर एक काळपट, पांढरट पट्ट्यांचा साप दिसला. 'मण्यार' हा शब्द प्रथम कोणी उच्चारला तें आज आठवत नाहीं. बहुधा आम्हीच उच्चारला असावा. मण्यार रात्रीं हिंडते, जमिनीवर निजलेल्या मनुष्यास डसते, आणि तिचा दंश इतका हलका असतो कीं झोपलेल्यास पुष्कळदां त्याची जाणीवही होत नाहीं, हें आम्हीं वाचलें होतें. आमच्या आज्ञेवरून माळ्यानें तो साप मारला. दुसरे दिवशीं प्राणिशास्त्राचे अध्यापक असलेल्या आमच्या एका स्नेह्यांनीं तो पाहिला आणि शांतपणें सांगितलें कीं हा कवड्या आहे. त्याचे पट्टे मानेपाशींच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात; मण्यारीचे पट्टे डोक्यामागें कांहीं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. कवड्यापासून मनुष्यास कसलाही धोका नाहीं. पाली खाऊन तो राहतो. म्हणजे जो प्राणी आमच्या घरीं पाली धरावयास आला होता त्यास आम्हीं अर्धवट विद्येच्या जोरावर देहदंड दिला !

महाभारताच्या आदिपर्वांत रुरूची कथा आहे. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशानें मरते. आपलें अर्धें आयुष्य देऊन तो तिला परत मिळवितो, आणि पुढें जो जो सर्प दृष्टीस पडेल तो तो मारीत सुटतो. शेवटीं एक डुंडुभ, म्हणजे बिनविषारी सर्प, त्यास विचारतो कीं मीं तुझा कोणता अपराध केला ? आमच्या कवड्यास वाचा नव्हती. परंतु तो प्रश्न पुढें कित्येक दिवस आमच्या कानांत घुमत राहिला, आणि आमच्या आवारांत यापुढें कोणताही सरपटणारा प्राणी मारावयाचा नाहीं असा आम्हीं नियम केला.

या नियमास आधार शोधतांना प्रथम उपयुक्ततेचा विचार पुढें आला. धामण उंदीर खाते, म्हणून साप हा शेतकऱ्याचा मित्र, असें आपण मुलांना शिकवितों. तें खरेंही आहे. परंतु चाकरीच्या मोबदल्यांत मिळालेलें जीवदान चाकरी संपतांच संपतें. सापसुरळी उगीच विषारी ठरून चेंचली जाते, आणि विणीच्या दिवसांत सरड्याचें डोकें लाल झालें कीं मुलें त्याला दगड मारतात. या बिचाऱ्यांनीं कोणत्या उंदरांचा हिशेब दाखवावा? उलट घोणसही उंदीर खाते. ती मित्र कीं शत्रु? दुसरा आधार धर्माचा. पण नागपंचमीस पाटावरच्या नागाला दूध-लाह्या आणि एरवीं अंगणांतल्या नागाला काठी, ही आपली रीत पाहतां पूजा आणि दया या एकच गोष्टी नव्हेत हें उघड आहे. आम्हांस पटला तो बेंथॅमचा विचार. प्राण्याला बुद्धि किती आहे हें न पाहतां त्याला वेदना होते कीं नाहीं हें पाहावें, असें त्यानें 1789 सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. काठी बसलेला साप कसा वळवळतो हें ज्यानें पाहिलें आहे त्यास या कसोटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं.

अशा रीतीनें आमचा नियम तर्कशुद्ध झाला, आणि त्या नियमांतच आमची दुसरी चूक दडली होती.

पुढील वर्षीं आश्विनांत माळी आंब्याखालचा पाचोळा हातांनीं ओढीत होता. एकाएकीं कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार ऐकूं आला. पाचोळ्यांत घोणस होती. माळ्यानें मागें उडी मारली आणि फावडें उचललें. आम्ही ओसरीवर उभे होतों. तेथूनच आम्हीं ओरडून सांगितलें, "अहो, थांबा ! मारूं नका तिला." त्यानें फावडें खालीं केलें, आमच्याकडे पाहिलें, आणि इतकेंच म्हटलें, "साहेब, बूट तुमच्या पायांत हाय."

तो अनवाणी होता. तासाभरानें एका सर्पमित्रानें घोणस पकडून नेली; परंतु तें वाक्य आमच्यापाशींच राहिलें.

आम्हीं दया दाखविली होती; ती दया फुकट नव्हती, आणि तिचें मोल आमच्या खिशांतून जात नव्हतें. आमच्या नियमासाठीं माळ्याचे पाय तारण राहिले होते, आणि ते ठेवतांना त्यास कोणी विचारलें नव्हतें. त्यानें फावडें खालीं केलें तें त्यास बेंथॅम पटला म्हणून नव्हे, तर त्याचें वेतन आमच्या हातीं होतें म्हणून. मागें मण्यारीच्या भीतीनें आम्ही गांगरलों होतों. पण जमिनीवर निजणारें मनुष्य आमच्या आवारांत एकच होतें, आणि तें आमच्या घरांत निजत नव्हतें.

आणि ही गोष्ट एका बागेपुरती नाहीं. 2020 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें 12 लक्ष माणसें दगावलीं; म्हणजे वर्षास सरासरी 58,000. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होतीं, आणि सुमारें अर्धे मृत्यु जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. जे भात लावतात, गवत कापतात, अंधारांत पाणी धरावयास जातात, त्यांचे हे मृत्यु. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सापांना अभय दिलें तें योग्यच झालें. परंतु तो कायदा करणारेही बूट घालूनच सभागृहांत बसले होते, हें विसरूं नये.

महाभारताच्या अनुशासनपर्वांत गौतमी नांवाची एक वृद्धा आहे. तिचा एकुलता एक पुत्र सर्पदंशानें मरतो. अर्जुनक नांवाचा व्याध त्या सर्पास बांधून तिच्यापुढें आणतो आणि याला कसा मारूं असें विचारतो. ती म्हणते, सोडून दे. याला मारल्यानें माझा मुलगा परत येणार नाहीं. या कथेंत पुढें काळ, मृत्यु आणि कर्म यांचा मोठा वाद आहे. विद्यार्थ्यांना ती सांगतांना आम्ही नेहमीं त्या वादावरच भर देत असूं. आतां आम्हांस वाटतें, कथेचें मर्म त्याच्याही आधीं आहे. क्षमा गौतमीची होती, कारण पुत्र तिचा होता. तेंच वाक्य एखाद्या शेजाऱ्यानें तिला ऐकविलें असतें, तर शब्द तेच राहून त्यांतलें पुण्य नाहींसें झालें असतें.

येथें कोणी विचारील, मग साप मारावेत असें तुमचें म्हणणें आहे काय ? मुळींच नाहीं. कवड्याचा प्रश्न आजही तितकाच खरा आहे. माळ्याच्या वाक्यानें तो खोटा ठरत नाहीं. दोन्ही खरे आहेत, आणि म्हणूनच ज्यानें दया करावयाची त्यानें तिचा भार स्वतः उचलला पाहिजे. तो आपल्या हातून किती सहज निसटतो पाहा ! आमची घोणस सर्पमित्रानें दूर रानांत सोडली. पण त्या रानाच्या कडेला कोणाचें शेत नसेलच असें कोण सांगेल? दंशावरची लस घोड्यांना थोडथोडें विष टोंचून त्यांच्या रक्तापासून तयार करतात. म्हणजे आपल्या बचावाच्या मोलांतही एका मुक्या जनावराचा वाटा आहे. संपूर्ण निष्पाप असा मार या प्रश्नांत नाहीं. आपल्या वांट्याचा भार दुसऱ्यावर लोटावयाचा नाहीं, एवढेंच हातीं उरतें.

आम्हीं केलें तें फार थोडें, आणि फार उशिरां. पाचोळा घराजवळ सांचूं देणें बंद केलें, सरपणाचा ढीग हलविला, भिंतींतलीं भोकें बुजविलीं. माळ्यास गमबूट, बॅटरी आणि पाचोळा ओढावयास दांताळें दिलें. त्याच्या खोलींत खाट आणि मच्छरदाणी आली. लस कोणत्या रुग्णालयांत मिळते याची चौकशी केली, आणि कोणत्याही वेळीं आमची गाडी निघेल असें त्यास सांगून ठेवलें. या सर्वांस जो खर्च आला तो आमच्या एका महिन्याच्या ग्रंथखरेदीहून अधिक नव्हता. इतक्या वर्षांत तो सुचला नाहीं, याची लाज मात्र अद्याप वाटते.

नियमही बदलला. साप दिसला तर सर्पमित्रास बोलवावें, हा आमचा आग्रह कायम आहे. परंतु पायापाशीं आलेल्या सापापासून माळ्यानें स्वतःला कसें वांचवावें हें ओसरीवरून सांगणें आम्हीं सोडलें आहे.

यंदाच्या आषाढांत कुंपणालगत एक लांबलचक धामण दिसली. गमबूट चिखलांत जड होतात म्हणून माळी ते पुष्कळदां काढून ठेवतो. त्या दिवशींही तो अनवाणीच होता. काठी हाताशीं होती. त्यानें धामणीकडे नीट पाहिलें, ती शेजारच्या आवारांत जाईपर्यंत तो उभा राहिला, आणि मग पुन्हां कामास लागला. आम्ही ओसरीवरच होतों. या खेपेस आम्ही कांहीं बोललों नाहीं. तेथें बोलण्याचा अधिकार आमचा नव्हता.