शंकासमाधान : टॅरोच्या पानांना काय विचारावं?

टॅरोविषयी इतकी पत्रं जमली आहेत की या अंकाचं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

शंका : मी हिंजवडीत एका कंपनीत नोकरी करते. वय ३२. वर्षभरात आमच्या टीममधली दोन माणसं सोडून गेली आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. नवऱ्याची रात्रपाळी असते, त्यामुळे दोघांचं बोलणं म्हणजे दारात किल्ल्या देताघेता होईल तेवढंच. मैत्रिणीने वाढदिवसाला टॅरोच्या पत्त्यांचा कॅट दिला. मी भविष्य बघत नाही. सकाळी लॉगिन करण्याआधी एक पान ओढते, चित्राकडे बघत बसते आणि मनात येईल ते वहीत लिहिते. बरं वाटतं. सासूबाईंनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, देवघर असलेल्या घरात हे भलतंसलतं नको, कुलदेवीला चालणार नाही. त्या मनाने चांगल्या आहेत, त्यांना दुखवायचं नाही. माझं चुकतंय का?

समाधान : तुम्ही जे करता त्यात देवीचा अपमान होण्यासारखं काही नाही. सासूबाईंनाही ते पटवून देता यावं म्हणून ही पानं आली कुठून, ते आधी सांगतो.

टॅरो जन्मला तो पत्त्यांचा खेळ म्हणून, पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत. मिलान आणि फेरारा इथल्या सरदार घराण्यांत तो खेळला जाई. प्याले, तलवारी, काठ्या आणि नाणी अशा चार रंगांची मिळून ५६ पानं, आणि त्यांच्यावर २२ चित्रांची पानं. या बावीसपैकी एक सोडून सगळी हुकमाची पानं, हात मारायला. फ्रान्समध्ये हा खेळ आजही रंगतो. गूढविद्या त्याला चिकटली ती तीनशे वर्षांनंतर. १७८१ मध्ये पॅरिसच्या आंत्वान कूर द जेबलँ यांनी छापून टाकलं, की ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं लपवून ठेवलेलं ज्ञान आहे. इजिप्तची चित्रलिपी त्या वेळी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंनी ती उलगडली १८२२ मध्ये. तोवर ही कल्पना पसरली होती आणि पानांवरून भविष्य सांगणाऱ्यांची दुकानंही थाटली गेली होती. तुमच्या हातात जो कॅट आहे, तो बहुधा लंडनमध्ये १९०९ साली निघालेल्या कॅटवर बेतलेला असणार. त्याची योजना ए. ई. वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. या बाईंचं नाव कॅटच्या खोक्यावर बरीच वर्षं नव्हतं, याचं मला वाईट वाटतं. कारण आज लोकांना जे भावतं ते त्यांचंच काम आहे. नुसते पाच प्याले किंवा सात तलवारी न काढता बहुतेक साध्या पानांवरही त्यांनी माणसं आणि प्रसंग रंगवले.

तेव्हा या पानांत दैवत नाही आणि मंत्रही नाही. सावंतवाडीच्या गंजिफांवर तर साक्षात दशावतार रंगवलेले असतात, तरी तो खेळच राहतो आणि देव देवघरातच राहतो. सासूबाईंना हे उदाहरण जरूर सांगा.

त्यांची शंका मात्र पोकळ समजू नका. घरातलं माणूस अडचणीत आहे आणि आपल्याला सोडून कुठल्या तरी चित्राला विचारतं आहे, हे त्यांना खुपलं असेल. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा आधी गाऱ्हाणं घालतात. काय झालं, कुणाचं काय अडलं, सगळं मोठ्याने, चार माणसांदेखत सांगायचं. कौल उजवा येतो की डावा, यापेक्षा त्या गाऱ्हाण्यानेच माणूस हलका होतो, असं मला वाटतं. तुमची वही हे तुमचं गाऱ्हाणं आहे. ते ऐकायला मात्र समोर कुणी नाही.

चित्र दाखवून माणसाला बोलतं करणं मानसशास्त्रालाही नवं नाही. हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी १९३५ च्या सुमारास एक चाचणी तयार केली. तिच्यात एकेक चित्र दाखवून त्यावर गोष्ट सांगायला लावतात, आणि गोष्ट सांगणारा नकळत स्वतःबद्दलच सांगून जातो. तिथेही ऐकायला शिकलेला माणूस समोर बसलेला असतो.

एक पान जवळून बघू. काठ्यांचं दहावं पान. एक माणूस दहा लांब काठ्या दोन्ही हातांनी कवटाळून, वाकून चालला आहे. मोळी कुणीही डोक्यावर घेईल, खांद्यावर घेईल. याने ती अशी पुढ्यात धरली आहे की तोंड काठ्यांतच खुपसलेलं आहे. गाव समोर दिसतं, फार लांब नाही, पण त्याला काही ते दिसत नसणार. हे पान निघालं तर पुस्तकातला अर्थ वाचायची घाई करू नका. यातल्या किती काठ्या मी उचलल्या, किती मला दिल्या? कुणी दिल्या? खाली ठेवू नको असं कुणी सांगितलं आहे, की मी विचारलेलंच नाही? हे लिहा.

आणि लिहिलेलं पुढे न्या. तुमच्या पत्रात ‘बरं वाटतं’ असं आहे, तिथे मला काळजी वाटते. दोन माणसांचं जास्तीचं काम सकाळच्या पंधरा मिनिटांच्या बऱ्या वाटण्याने कमी होत नाही. उलट ते आणखी वर्षभर ओढायचं बळ तेवढं मिळतं. वहीतून एक यादी काढा : कुणाचं कोणतं काम, केव्हापासून माझ्याकडे आहे, आणि त्यातलं कोणतं थांबवलं तर चालेल. ती मॅनेजरना लेखी पाठवा आणि भेट मागा. नवऱ्याशी आठवड्यातला एक तास ठरवून घ्या, किल्ल्या हातात नसतानाचा. वहीतलं एखादं पान त्याला वाचून दाखवा.

एक पथ्य पाळा. निघालेलं पान आवडलं नाही म्हणून परत पिसून दुसरं ओढायचं नाही. ज्या दिवशी तसं कराल, त्या दिवशी तुम्ही स्वतःकडे बघणं सोडून शकुन बघायला लागलात असं समजा आणि कॅट महिनाभर कपाटात ठेवा. तो देवघरापाशी ठेवू नका, सासूबाईंचा मान राहील. लपवूनही ठेवू नका. एखाद्या सकाळी त्यांनाच विचारा, या चित्रात तुम्हाला काय दिसतं?

शंका : मी नागपूरचा, वय २८, नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. दोन वर्षांपासून एका मुलीवर प्रेम आहे, लग्नाचं बोलणंही झालं होतं. चार महिन्यांपासून ती तुटक वागते. मी एका ऑनलाइन टॅरो रीडरकडून दर आठवड्याला पानं बघून घेतो. ‘तिच्या मनात तुमच्याविषयी प्रेम आहे, पण एक तिसरी व्यक्ती आड येते आहे’, असं दोनदा निघालं. आता तिचा फोन व्यस्त लागला तरी डोकं भणभणतं. यावर विश्वास ठेवावा का?

समाधान : ठेवू नका. बघून घेणंही आजपासून बंद करा.

प्रेम आहे पण कुणीतरी आड येतं आहे, हे वाक्य कुठल्या जोडप्याला लागू पडणार नाही? आड येणारी तिची आई असेल, नवा साहेब असेल, तुमचं बंगळुरू असेल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. ते स्वतःला किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग कळलं, की सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं आणि त्यातली वाक्यं फोरर यांनी बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. तुमचा रीडर मुद्दाम फसवतो असं मी म्हणत नाही. त्याचा स्वतःचाही या पानांवर विश्वास असू शकेल. त्याने वाक्य खरं ठरत नाही.

मला त्याहून गंभीर वाटते ती आचरणाची बाजू. तिच्या मनात काय आहे ते सांगायचा अधिकार तिचा एकटीचा आहे. तुम्ही तिच्या माघारी, पैसे देऊन, तिला कधी न भेटलेल्या माणसाकडून तिच्या मनाची झडती घेतलीत. निकाल लागला, संशयाची शिक्षाही सुरू झाली आणि तिला यातलं काहीच ठाऊक नाही. तुमच्याविषयी कुणी असं केलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का? जिच्याशी लग्न करायचं तिला एवढा न्याय तरी मिळायला हवा.

पानांना विचारायचंच असेल तर प्रश्नात तिचं नाव येऊ देऊ नका. तलवारींचं दुसरं पान समोर ठेवा. एक बाई समुद्राकडे पाठ करून बसली आहे, डोळ्यांवर पट्टी, हातांत दोन तलवारी छातीशी फुली करून धरलेल्या. हात बांधलेले नाहीत. तलवारी खाली ठेवल्या तर पट्टी तिची तिलाच सोडता येईल. असं काय आहे, जे मला ऐकायचं नाही म्हणून मी चार महिने तिला सरळ विचारलेलं नाही? याचं उत्तर लिहून झालं की ती असेल तिथलं तिकीट काढा. समोर बसून, आरोप न करता म्हणा, ‘चार महिने तू लांब गेल्यासारखी वाटतेस, मला भीती वाटते.’ मग गप्प राहा आणि ती बोलेल ते पूर्ण ऐका. कदाचित नकार येईल. तो तिच्या तोंडून आलेला असेल, आणि त्याच्याशी कसं जगायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

शंका : मी वसईची, कॅथलिक. मिस्टर जहाजावर असतात, फोनवर बोलणं कमी आणि भांडण जास्त होतं. रात्री मन शांत करायला मी टॅरोची पानं काढून विचार करते. कन्फेशनमध्ये हे सांगायला हवं का?

समाधान : तुमच्या चर्चची भूमिका स्पष्ट आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातला २११६ वा परिच्छेद भविष्य आणि गुप्त गोष्टी जाणून घेण्याचे सगळे मार्ग नाकारतो. कुंडली, हस्तरेषा, शकुन यांची नावंही त्यात आहेत. टॅरोचं नाव नाही, पण त्यामागचा विचार त्यालाही लागू होतो : काळावर आणि दुसऱ्या माणसांवर ताबा मिळवायची इच्छा अशा प्रकारांत दडलेली असते, आणि जो मान देवाला द्यायचा तो दुसरीकडे जातो. पानांना ‘ते कधी बदलतील’ असं तुम्ही एकदाही विचारलं असेल, तर तुमच्या श्रद्धेनुसार ते या कक्षेत येतं. नुसतं चित्र पाहून चिंतन करणं येतं की नाही, हे तुमच्या धर्मग्रामाच्या फादरनी सांगायचं. तो अधिकार माझा नाही. ही शंका तुम्हाला आतून टोचते आहे, म्हणून सांगून मोकळं व्हावं असं मात्र मी म्हणेन.

तुम्हाला जे हवं आहे ते तुमच्या परंपरेत पूर्वीपासून आहे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यात रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत दिली आहे : देवाचे आभार, स्वतःचे दोष दिसावेत म्हणून प्रार्थना, दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमायाचना आणि सुधारण्याचा निश्चय. मिस्टरांचा फोन झाला की त्या फोनपुरतंच हे करून पाहा. कोणत्या वाक्याला आवाज चढला? त्याआधी ते काय म्हणाले होते? पुढच्या फोनला सुरुवात त्यांच्या त्या बोलण्यापासून करा.

शंका : मी निवृत्त शिक्षक आहे. मुलगी मुंबईत बँकेत आहे, कामाने आणि मोडलेल्या लग्नाने खचली आहे. ती पानं काढते. परवा फोनवर रडत म्हणाली, बाबा, तिसऱ्यांदा मृत्यूचं पान आलं. मी स्वतः अंधश्रद्धाळू नाही, पण रात्री झोप लागली नाही. काय करू?

समाधान : पानाची भीती आधी काढून टाका. ते तेरावं पान. पांढऱ्या घोड्यावर चिलखतातला सांगाडा, हातात पांढऱ्या गुलाबाचं निशाण, खाली राजा पडलेला, एक लहान मूल मात्र सांगाड्याकडे तोंड करून गुडघ्यांवर बसलेलं, आणि मागे दोन मनोऱ्यांच्या मधे सूर्य. टॅरो मानणारेही याचा अर्थ ‘एक गोष्ट संपून दुसरी सुरू होणं’ असा लावतात. ७८ पानं वारंवार पिसली तर एखादं पान तीनदा येणं यात नवल काही नाही.

तिचं रडणं मात्र मनावर घ्या. मोडलेलं लग्न, कामाचा ताण आणि त्यावर प्रत्येक पानात वाईटच दिसणं, ही मनाला मदत हवी असल्याची खूण असू शकते. आजच फोन करा आणि पानाचा विषय काढू नका. जेवतेस का, झोप किती लागते, सकाळी उठावंसं वाटतं का, हे विचारा. जगणं नको वाटतं का, हेही स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, नुसती शंका जरी आली, तरी तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी मुंबई गाठा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मुलगी तयार नसेल तर पहिला फोन तुम्ही लावा, आणि तिच्याशी कसं बोलायचं ते त्यांच्याकडून समजून घ्या.